तीन ड्राफ्ट, एक खाते

१९९४ सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बँकेचा शाखाधिकारी होतो. दुपारी दोनच्या सुमारास, रोखीचे काउंटर बंद व्हायच्या बेतात असताना, एक पोरगा तीन फॉर्म घेऊन आला. तिन्ही डिमांड ड्राफ्टचे. तिन्हींवरची रक्कम एकच. तिन्ही ड्राफ्ट सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कार्यकारी अभियंत्यांच्या नावे हवे होते. काढणारे मात्र तीन वेगवेगळे, तालुक्यातले तीन नावाजलेले कंत्राटदार. पन्नास हजारांवरचा ड्राफ्ट रोखीने देऊ नये, खात्यातूनच द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम होता. त्यामुळे पैशांसाठी चेक लागला, आणि तो एकच होता. तिघांपैकी एकाच्या खात्याचा. ड्राफ्ट तयार होऊन सहीसाठी माझ्या टेबलावर आले तेव्हा त्यांचे नंबरही एकापाठोपाठ एक होते.

मी हेडक्लार्कला विचारले. तो त्या गावात वीस वर्षे मुरलेला. म्हणाला, "ग्रामीण रुग्णालयाच्या इमारतीचं टेंडर निघालंय ना साहेब, त्याचा बयाणा आहे. एक खरं, दोन सपोर्टला. तुम्ही सही करा, मार्च आहे."

मी सही केली. नंतर घरी जाऊन तिन्ही नंबर माझ्या वहीत टिपून ठेवले. तेव्हा मी कथा लिहू लागलो होतो आणि असले काही सापडले की टिपून ठेवायची सवय लागली होती. दुसरे काही केले नाही. करता आले असते का? नोकरीत रुजू होताना निष्ठेच्या आणि गुप्ततेच्या प्रतिज्ञापत्रावर सही केलेली असते. ग्राहकाच्या खात्यातला व्यवहार तिसऱ्या माणसाला सांगायचा नाही. हे कारण खरेच होते. सोयीचेही होते.

वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर बारीक टाइपात निविदा सूचना येतात. त्या कोणी वाचत नाही; मी वाचतो. कामाचे नाव, अंदाजपत्रकी किंमत, बयाणा रक्कम, मुदत, आणि शेवटी ते ठरलेले वाक्य, की सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्यास खाते बांधील नाही. या वाक्यावर मी अनेकदा थबकलो आहे. कायद्याने ते खरे आहे. व्यवहारात त्याच्याइतके खोटे वाक्य सरकारी कागदावर दुसरे सापडणे कठीण. कमी दराचा देकार सोडून जास्त दराचा घ्यायचा म्हणजे कोणीतरी अधिकाऱ्याने कारण लिहून खाली सही करायची. पुढे लेखापरीक्षक येणार, दक्षता पथक येणार, हरलेला कंत्राटदार उच्च न्यायालयात जाणार. सर्वांत लहान आकडा निवडला की कोणालाही काही समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडे लहान आकडा जिंकतो याचे कारण काटकसर नव्हे, धास्ती आहे.

आणि ही धास्ती अगदीच निराधार आहे असे म्हणवत नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर एक दुय्यम श्रेणीचे उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार चालवायला द्यायचे होते. निविदेतली अट अशी की, भरणारा दुय्यम श्रेणीचा नोंदणीकृत हॉटेलचालक असावा आणि त्याला किमान पाच वर्षांचा अनुभव असावा. काम मिळाले ते कँटीन चालवणाऱ्याला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७९ मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला की, सरकारी संस्थेने स्वतः घातलेली अट तिच्यावरही बंधनकारक असते. मनाला येईल तेव्हा ती गुंडाळून ठेवता येत नाही. (याचिकाकर्त्याला मात्र दिलासा मिळाला नाही. तो उशिरा आला होता आणि त्याचा स्वतःचा खरा हितसंबंधही दिसत नव्हता.) तेव्हापासून देशातल्या प्रत्येक निविदा समितीच्या खोलीत हा निकाल अदृश्यपणे बसलेला असतो. १९९४ मध्ये टाटा सेल्युलर प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, आम्ही निर्णय कसा घेतला हे पाहू, निर्णय बरा की वाईट हे आम्ही ठरवणार नाही. याचा अर्थ अधिकाऱ्याला थोडी मोकळीक आहे. ती वापरणारा अधिकारी मला माझ्या नोकरीत फारसा भेटला नाही.

तर आमचे रुग्णालय. तीस खाटांचे, तालुक्याला असते तसे. निविदा उघडल्या त्या दिवशी गावात गंमत झाली. तीन ड्राफ्टवाल्या तिघांचे दर आधीच ठरलेले. एकाचा अंदाजपत्रकाच्या चार टक्के वर, बाकी दोघांचे त्याहून वर. पण पेटीत चौथा लिफाफा निघाला. शेजारच्या जिल्ह्यातला एक तरुण, डिप्लोमा झालेला, त्याने एकोणीस टक्के बिलो भरले होते. त्या काळात पेटीजवळ माणसे उभी असत, बाहेरच्याला लिफाफा टाकू देत नसत. हा सकाळी साडेदहाला, त्यांचा चहा चालू असताना टाकून गेला होता म्हणे. रिंग मोडली. गावात हॉटेलांमधून तीन दिवस दुसरा विषय नव्हता. सरकारचे तेवीस टक्के वाचले, असे शाळेतले मास्तर हिशेब करून सांगत होते.

मलाही आनंद झाला, हे कबूल करतो. महिनाभराने तो तरुण सुरक्षा अनामतीच्या बँक गॅरंटीसाठी माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. पंचवीस टक्के मार्जिन रोख आणि बाकीला त्याच्या राहत्या घराचे गहाणखत घेऊन गॅरंटी दिली. तीन ड्राफ्टांवर केलेल्या सह्यांची जणू भरपाई होत होती.

फक्त एका माणसाने मला तेव्हा टोकले. गावातले एक जुने कंत्राटदार होते, शाळा-दवाखान्यांची कामे केलेले. ना रिंगमध्ये, ना रिंगबाहेर. हळूहळू त्यांनी सरकारी निविदा भरणेच सोडून दिले होते आणि लोकांची घरे बांधत होते. ते म्हणाले, "एकोणीस टक्के खाली जायचं तर कुठून जायचं ते सांगा की साहेब. सिमेंटमधून का सळईतून?" मला वाटले, धंद्यातला मत्सर.

बँकेच्या माणसाला आकडा वाचता येतो असा त्याचा समज असतो. मला तो आकडा वाचता आला नाही. दुसऱ्या क्रमांकाचा देकार चार टक्के वर होता. म्हणजे हा पोरगा दोन टक्के बिलो भरूनही जिंकला असता. बाकीची सतरा टक्के रक्कम त्याने कोणीही न मागता सोडून दिली होती. लिफाफा बंद असतो, शेजारच्याने काय भरले ते कळत नाही; मग भीतीने माणूस आणखी थोडा खाली उतरतो, आणि आणखी थोडा. अमेरिकेत एका तेल कंपनीच्या तीन अभियंत्यांनी १९७१ मध्ये समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या बोलींचा अभ्यास करून दाखवले होते की, अशा बंद बोलीत बहुधा जिंकतो तो सर्वांत हुशार नव्हे, तर ज्याचा अंदाज सर्वांत जास्त चुकला तो. तिथे चूक वरच्या बाजूला होते, आपल्याकडे खालच्या. त्यांच्या कंपनीला त्या चुकीचा तोटा सोसवत होता. आमच्या डिप्लोमावाल्याकडे घर होते, तेही माझ्याकडे गहाण.

जे मुरलेले असतात ते असे पडत नाहीत. टेंडरमधला खरा खेळ दराचा नसून परिमाणाचा असतो, हे मला पुढे एका कंत्राटदाराच्याच कर्जप्रकरणात कळले. अंदाजपत्रकात लिहिलेले असते: मुरमातले खोदकाम इतके घनमीटर, कठीण खडकातले इतके. ज्याला आधीच ठाऊक आहे की त्या जागेत खाली खडकच खडक आहे, तो कठीण खडकाचा दर चढा लावतो आणि बाकीचे दर पाडतो. बेरीज सर्वांत कमी येते, काम मिळते. मग खडक लागतो, घनमीटर वाढतात, आणि बिल अंदाजपत्रक ओलांडून जाते. सगळे कायदेशीर. बाबनिहाय दराच्या बी-२ निविदेत याला भरपूर वाव. सगळ्या कामाला एकच टक्का लावायच्या बी-१ मध्ये कमी. पण तिथेही अतिरिक्त बाबी असतात, मुदतवाढ असते, भाववाढीचा फरक असतो. दुसरी युक्ती अशी, की पायाच्या आणि जोत्याच्या कामांचे दर चढे ठेवायचे, गिलावा-फरशी-रंगाचे पडते. सुरुवातीची बिले जड निघतात, ती घेऊन माणूस मोकळा. आपल्याकडे कॉलम उभे राहिलेल्या आणि तिथेच थांबलेल्या इतक्या इमारती दिसतात, त्यांतल्या काहींची तरी कथा हीच असणार.

कमी दराचा देकार म्हणजे स्वस्त काम, हे समीकरण मोठ्या कामांतही फसवे ठरते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची हकिगत नितीन गडकरींनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. खासगीकरणातून तो रस्ता बांधण्यासाठी आलेला सर्वांत कमी देकार सुमारे ३,६०० कोटी रुपयांचा होता. सार्वजनिक बांधकाम मंत्री या नात्याने त्यांनी तो नाकारण्याची भूमिका घेतली. १९९६ मध्ये रस्ते विकास महामंडळ निघाले, रोखे विकून पैसा उभा केला, काम तुकड्यांत वाटून वेगवेगळ्या कंत्राटदारांना दिले, आणि २००२ मध्ये पूर्ण खुला झालेला तो रस्ता सुमारे १,६०० कोटींत झाला. या दोन आकड्यांची तुलना करताना जरा जपून करावी. खासगी देकारात पुढच्या अनेक वर्षांच्या जोखमीची किंमत धरलेली असते. तरीही एक गोष्ट उरतेच. सर्वांत कमी म्हणजे कोणापेक्षा कमी? आलेल्या चार लिफाफ्यांत लहान असणे निराळे आणि वाजवी असणे निराळे. काम केवढ्याचे आहे हे सरकारला स्वतःला ठाऊक असेल, तरच ‘नको’ म्हणता येते. आमच्या रुग्णालयाच्या बाबतीत चार टक्के वर गेलेले रिंगचे दर आणि एकोणीस टक्के बिलो, या दोन्हींना ‘नको’ म्हणायला हवे होते. तसे म्हणणारा कोणी नव्हता.

काम सुरू झाले. पाया, जोते, कॉलम, पहिल्या मजल्याचा स्लॅब. पहिले बिल चार महिन्यांनी निघाले. दुसरे अडकले; निधी आला नाही म्हणून, असे सांगत. त्याचे कॅश क्रेडिट फुगत गेले. सिमेंटवाला त्याच्या मागे, मजुरांचा मुकादम त्याच्या मागे, मी त्याच्या मागे. १९९५ च्या दिवाळीनंतर तो साइटवर दिसेनासा झाला.

आता बँक गॅरंटी म्हणजे काय ते थोडे सांगायला हवे. कंत्राटदाराने काम सोडले, तर सरकारने नुसते पत्र लिहायचे आणि बँकेने काही न विचारता पैसे मोजायचे. कंत्राटदार आणि खाते यांचे भांडण काय, चूक कोणाची, याच्याशी बँकेला कर्तव्य नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १९८७ मध्ये सांगून ठेवले आहे की, उघड फसवणुकीसारखे कारण असल्याखेरीज न्यायालयांनी अशा हमीच्या वसुलीत पडू नये. अट एवढीच, की मागणीचे पत्र हमीची मुदत संपण्यापूर्वी शाखेत पोचले पाहिजे. आमच्या गॅरंटीची मुदत ३१ जानेवारी १९९६ ला संपत होती. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात रोज टपाल आले की मी आधी त्यातले सरकारी पाकीट शोधत असे. ३१ तारखेला संध्याकाळपर्यंत काही आले नाही.

पत्र आले ९ फेब्रुवारीला, साध्या टपालाने. पत्रावर तारीख २९ जानेवारीची होती. पाकिटावरचा शिक्का ७ फेब्रुवारीचा होता.

मी दोन ओळींचे उत्तर लिहिले: मुदत संपल्यामुळे बँक हमीतून मुक्त झाली आहे. त्या तिमाहीच्या अहवालात वरिष्ठांनी शाखेच्या दक्षतेबद्दल चार चांगले शब्द लिहिले. त्या पोराचे घर वाचले; त्याची आई येऊन रडली, माझ्या बायकोला साडी देऊ लागली, ती आम्ही घेतली नाही. माझा त्याही दिवशी समज असा होता की मी काही वाईट केले नाही. आजही नियमाच्या भाषेत तसेच म्हणेन. परंतु ते पैसे बँकेचे नव्हते आणि त्या पोराचेही नव्हते. तालुक्यातली बाळंतीण अजून जुन्या दवाखान्याच्या गळक्या खोलीत जात होती, आणि तिच्या खाटेसाठी ठेवलेली अनामत मी नऊ दिवसांच्या फरकाने वाचवली होती. कोणापासून वाचवली, हे त्या अहवालात लिहायला रकाना नव्हता.

दुसऱ्या वर्षी माझी बदली झाली. पुढे वर्तमानपत्रातच उर्वरित कामाची निविदा सूचना वाचली. अंदाजपत्रक नव्या दरसूचीने वाढलेले होते. काम कोणाला मिळाले ते हेडक्लार्कने फोनवर सांगितले. तीन ड्राफ्टांपैकी दुसरा.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत पुष्कळ बदलले आहे आणि त्यातले बरेच चांगल्यासाठी. निविदा संगणकावर भरतात, त्यामुळे पेटीजवळचे पहारेकरी गेले. ही लहान सुधारणा नव्हे. ज्यांनी ती माणसे पाहिली आहेत त्यांना विचारा. फार खाली दर भरणाऱ्याकडून महाराष्ट्रात जादा अनामत घेतात. संगनमताने निविदा भरणे हा स्पर्धा कायद्याखाली दंडनीय प्रकार झाला. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांत असे संगनमत झाल्याचा निष्कर्ष स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये काढला आणि कंपन्यांना दंड केला. त्यातल्या काहींनी स्वतःहून कबुली दिल्यामुळे त्यांना दंडात सवलतही मिळाली. असल्या चौकशांत आता पाहतात ते हे, की दोन निविदा एकाच संगणकावरून भरल्या गेल्या का, बयाण्याचे पैसे एकाच खात्यातून गेले का. ते वाचताना मला माझे टेबल आठवते.

पण अटी बेतून घेण्याची विद्या संगणकाने गेलेली नाही. अमुक इतकी वार्षिक उलाढाल, अमुक प्रकारच्या इमारतीचाच अनुभव, कामाच्या जागेपासून अमुक अंतरात स्वतःचा काँक्रीट प्लांट. पाय आधी मोजायचा आणि मग जोड्याची जाहिरात द्यायची. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने बांधकामांनाही दराबरोबर गुणवत्तेला गुण देऊन कंत्राटदार निवडण्याची मुभा दिली. गुणवत्तेचा भार जास्तीत जास्त ३० टक्के. कल्पना चांगली आहे. तिच्याबद्दल माझी शंका एवढीच, की गुण देणारा हात आणि अटी लिहिणारा हात बहुधा एकच असणार.

माझ्या जुन्या व्यवसायाशी निगडित असलेली सुधारणा मला अधिक महत्त्वाची वाटते. बँक गॅरंटी पैशांची हमी देते, इमारतीची नाही. हमी देताना मी त्या पोराचे घर पाहिले. त्याला एकोणीस टक्के बिलोमध्ये रुग्णालय बांधता येईल का, हे मी पाहिले नाही, पाहणे माझे काम नव्हते. अमेरिकेत १९३५ च्या मिलर कायद्यापासून संघराज्य सरकारच्या मोठ्या बांधकामांना निराळा जामीन लागतो. ठेकेदाराने काम सोडले तर जामीनदार कंपनी ते दुसऱ्याकडून पुरे करून घेते किंवा नुकसान भरते. आणि मजुरांच्या व माल पुरवणाऱ्यांच्या पैशांसाठी वेगळा जामीन असतो. असा जामीन देणारा माणूस अंदाजपत्रक स्वतः वाचतो, कारण बुडाले तर त्याचे बुडते. आपल्याकडे २०२२ पासून विमा कंपन्यांच्या अशा जामिनाला सरकारने मान्यता दिली आहे. तो बँक गॅरंटीचीच दुसरी आवृत्ती होणार, की जामीनदार खरोखर साइटवर जाऊन उभा राहणार, यावर त्याचे मोल ठरेल.

आणि कंत्राटदाराचे पैसे वेळेवर द्यावेत. हे लिहिताना काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. पण २०२५ मध्ये राज्यभरातल्या कंत्राटदारांनी थकलेल्या बिलांसाठी आंदोलने केली, ती सगळीच लबाड माणसे नव्हती. बिल वर्षभर अडकणार हे ठाऊक असले की जो तो त्या वर्षाचे व्याज दरात धरतो. ज्याला धरता येत नाही तो बुडतो. ज्याला धरायचे नसते, तो आमच्या जुन्या कंत्राटदारांसारखा सरकारी काम सोडून घरे बांधायला लागतो. मग उरतात ते वाट पाहू शकणारे, आणि वाट का पाहता येते हे त्यांना कोणी विचारत नाही.

माझी मागणी साधी आहे. निविदा सूचना जशी छापता, तसे अंतिम बिलही छापा. त्याच पानावर, त्याच बारीक टाइपात: कामाचे नाव, स्वीकारलेला दर, प्रत्यक्षात दिलेली रक्कम, अतिरिक्त बाबी किती, मुदतवाढ किती वेळा, काम पुरे झाल्याची तारीख. लोक आज निविदा सूचना वाचत नाहीत. तिचा शेवट छापून आला तर वाचू लागतील.

हे सुचले तेव्हा सुरुवात आपल्यापासून करावी म्हणून मी त्या ग्रामीण रुग्णालयाच्या अंतिम बिलाची माहिती अधिकारात मागणी केली. इमारत आज उभी आहे, चालू आहे, गर्दीही असते. दरवाज्यापाशी दोन कोनशिला आहेत, भूमिपूजनाची १९९४ ची आणि उद्‌घाटनाची २००१ ची. मधल्या सात वर्षांबद्दल भिंतीवर काही नाही. अर्जाला उत्तर वेळेत आले, रजिस्टर टपालाने. सदर अभिलेखाचा जतन कालावधी संपल्यामुळे तो नष्ट करण्यात आला आहे.

बँकेतल्या ड्राफ्ट रजिस्टरचेही तेच झाले असणार. मुदत संपलेली जुनी रजिस्टरे रद्दीत काढायच्या याद्यांवर मीच कितीतरी वर्षे सह्या केल्या आहेत. ते तीन नंबर आता फक्त माझ्या वहीत आहेत.